थांबायचं कुठं

मोबदला आला त्या साली बिडकीनमध्ये
ज्यानं त्यानं गाडी घेतली, पांढरी आणि उंच.
मी आणली पिवळी. दोन दारांची, जमिनीला टेकलेली,
पुण्याच्या कुण्या डॉक्टरनं वापरून सोडलेली.
द्वारका म्हणाली, हिच्यात बसायचं का निजायचं?

पळायला गाडी वाघ.
थांबण्याचं तेवढं बघायचं होतं.

पुण्याहून यादी मागवली.
सहा पिस्टनचे कॅलिपर, लाल किंवा म्हणाल त्या रंगात.
भोकं पाडलेल्या डिस्क, तीनशे पंचावन्न मिलिमीटर.
किंमत वाचून चष्मा पुसला आणि परत वाचली.
तेवढ्यात एक विहीर झाली असती, बांधकामासकट.

पैठण रोडला मुख्तारभाईंचं गॅरेज.
त्यांनी फरशीच्या खोक्याचा पुठ्ठा
कॅलिपरएवढा कापला, चाक काढून आत धरून बघितला.
पुठ्ठा आऱ्याला घासला.
"हे बसवायचं तर चाकं बदला. चाकं बदलली की टायर.
आन नुसते पुढचेच ब्रेक दांडगे केले
तर गाडी नाकावर येती, मागचं ढुंगण हलकं."
मग हात पुसत विचारलं,
"पर तुम्हाला थांबायचं कुठंय?"

म्हटलं, कन्नडच्या घाटात.
"कितींदा जाता?"
अजून गेलो नाही.
म्हटलं, समृद्धीवर.
"तिथं थांबूच देत न्हाईत."

मग खरं सांगितलं.

नव्या वसाहतीचा तो रुंद रस्ता,
दिवे लागलेत, कारखाने यायचेत,
तो गट नंबर एकशे त्र्याऐंशीतून जातो. माझ्या.
बेचाळीस नंबरच्या खांबापाशी विहीर होती.
मुरूम टाकून बुजवली, वर डांबर.
बैल तिथं आपसूक थांबायचे,
कासरा ओढावा लागत नसे.

पहाटे येतो मी, एकशे चाळीसनं.
पहिल्यांदा थांबतो. दुसऱ्यांदाही.
तिसऱ्या खेपेला जळका वास,
पायाखाली पेडल पिकल्या केळासारखं,
आणि मी विहीर ओलांडून चाळीस पावलं पुढं,
थेट अंकुश वाकळ्याच्या गटात.
बांधावरून तीस वर्षं भांडलो आम्ही.
आता कुणी हटकत नाही.

मुख्तारभाई हसले नाहीत.
बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचं झाकण फिरवलं.
आत उकळून उकळून काळा पडलेला चहा.
"डॉक्टरनं सगळं बदललं, हे न्हाई.
हे तेल हवेतलं पाणी पितंय.
तापलं की पाणी उकळतंय, त्याची वाफ होती,
आन वाफ दाबून कोन थांबलंय आजवर?"

प्लगच्या रिकाम्या खोक्यावर त्यांनी लिहिलं:
नवं ऑइल. स्टीलच्या जाळीचे पाइप.
पॅड चारी चाकांना एकाच जातीचे, तापल्यावरही धरणारे.
डिस्क आहेत त्याच.
"लाल रंग पाहिजेच असंल तर डबा आना,
दोनशे रुपयात मारून देतो."

दहा दिवसांनी दोघं गेलो. उजाडायचं होतं.
ते खांबाला टेकून उभे, मी लांबून आलो.
एकदा, दोनदा, पाच वेळा.
सहाव्यांदाही पेडल टणक,
कालच्या भाकरीच्या काठासारखं.

ते पावलं मोजत आले, काचेवर वाकले.
"दोन पावलं अलीकडं थांबलात."
डिस्क निवत होत्या, टिक टिक आवाज करत.
"पॅड बसू द्या. दोनतीनशे किलोमीटर चालवा,
मग जागेवर येईल."

मी मान हलवली, इंजिन बंद केलं.
दोन पावलं.
काठापासून तेवढं अंतर
बैलही ठेवायचे.