पाठचा

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
डूगल शर्ट काढून माझ्या स्वयंपाकघरात
स्टुलावर बसतो, खिडकीकडे पाठ करून.
मी जरा बाजूला उभी राहते,
माझी सावली पडू नये म्हणून.

माझा पाठचा भाऊ. चौसष्ट वर्षांचा.

बाबा गेले, त्यानंतर ओढ्याकाठच्या एका पट्टीवरून
(रुंदी चार मीटर, त्यात निम्मी काटेरी झुडपं)
अकरा वर्षं त्याने मला पाठच दाखवली.
गोरच्या मेंढीबाजारात, पेट्रोल पंपावर,
मावशीच्या दफनाच्या दिवशीसुद्धा.
हिरव्या स्वेटरमधली ती पाठ
मी गर्दीतून लांबून ओळखायचे
आणि रस्ता बदलायचे.

मग इन्व्हरकार्गिलहून फोन.
नर्सने विचारलं होतं, घरी जखम बघायला कोण आहे?
त्याने माझा नंबर सांगितला. तोंडपाठ.

डाव्या खांद्याच्या फऱ्यावर होता तो तीळ.
कुणी सांगणार तरी कसं, एकट्या माणसाला?
पन्नास उन्हाळे उघड्या अंगाने कुंपणं ठोकली,
इथलं ऊन गार वाऱ्याच्या आडून चावतं.
लोकर कातायला आलेल्या पोऱ्याने पाहिला शेवटी,
म्हणाला, आजोबा, तुमच्या पाठीवर गोचीड आहे.

डॉक्टर विजेसिंघेंनी कागदावर काढून दाखवलं:
एवढासा ठिपका, आणि भोवती दोन सेंटिमीटर
चांगली, निरोगी कातडी, तीही गेली.
खात्रीसाठी, ते म्हणाले.
डूगल कागदाकडे बघत राहिला.
मला वाटलं, पट्टीचा विषय निघणार आता.
तो म्हणाला, पार्किंगचे पैसे भरलेस का?

काखेतून एक नळी, नळीला बाटली.
बाटली मी विणलेल्या पिशवीत घालून
तो सहा दिवस घरभर फिरला,
कोंबड्यांना दाणेही टाकून आला.
मी पट्टी बदलायचे, त्यातला लालसर पिवळा रंग वहीत लिहायचे.
आम्ही बोलायचो हवामानावर,
डिझेलवर. तेवढंच.
एकदाच, टाके काढल्याच्या रात्री,
त्याने बाहेरच्या खोलीतून विचारलं, जागी आहेस?
मी हो म्हटलं.
पुढे काही नाही.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी.
मेरेआना नर्स भिंगातून अंगभर बघते,
शंका आली की जांभळ्या पेनाने गोल काढते.
मेंढ्यांवर मी अशीच खूण करतो, डूगल तिला सांगतो,
खाटकाकडे पाठवायच्या असतात त्यांच्यावर.
ती हसते. मी हसत नाही.
निकाल येईपर्यंत दहा दिवस
तो फाटकाच्या बिजागरीला तेल घालतो. रोज.

मधल्या रविवारी मी.
फोटोचा कागद, चष्मा, मोजपट्टी.
मानेखाली तीन, ओळीत.
कण्याजवळ एक, मसुरीएवढा, जन्मापासूनचा,
ओढ्यात अंघोळ घालताना मी तो घासून काढायला बघायचे,
मळ समजून. चार वर्षांचा होता, भोकाड पसरायचा.
कमरेला सात. आठवा नवा वाटला तर जॅमचा डाग निघाला.
आणि फऱ्यावर तो खड्डा,
गुलाबी, चकचकीत, कडेला सुरकुतलेला,
हात लावला तर म्हणतो, तिथे काही कळत नाही.

त्याची पाठ मला आता पाठ झाली आहे.
माझी स्वतःची मी कधी पाहिलेली नाही.

काही?
काही नाही.
तो शर्ट घालतो, बटणं खालून वर लावत,
उजव्या हाताने, डावा अजून पुरता उचलत नाही.
एरवी लगेच टोपी उचलून निघतो.

आज दारात थांबला.
म्हणाला, उन्हात तूही होतीस की.
तुझी कोण बघतं?

किटली उकळत होती, मी ती बंद केली.
स्वेटर काढला, ब्लाउज खांद्यावरून खाली घेतला
आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

बोटं गार, खरखरीत, लोकरीच्या तेलाचा वास.
तो मोठ्याने मोजू लागला, मेंढ्या मोजतो तसा,
जोडीजोडीने: दोन, चार, सहा...
मध्येच अडला.
हलू नकोस, म्हणाला,
चुकलं. पुन्हा पहिल्यापासून.