मागून येणारं सामान

मंजुरीचा मेल आला त्या रात्री विट्यात लाईट गेली होती.
पेढे कुणी आणले नाहीत.
मोबाईलच्या उजेडात मी परत परत वाचलं:
दोघांचे पासपोर्ट पाठवा. फोटो पाठवा,
हनुवटीपासून टाळूपर्यंत एकतीस ते छत्तीस मिलिमीटर.
हसू नका.

सकाळी स्टुडिओतला पोपट माळी म्हणाला,
"हसू नका म्हटलं की माणसं हमखास हसत्यात.
तुम्हीच पहिल्या, ताई."

धैर्यशील पुण्यात फ्लॅटच्या चाव्या परत करतोय.
माझ्याकडं राहिल्या दोन याद्या:
एक, सोबत नेतोय त्या सामानाची,
दुसरी, मागून येणाऱ्या.
प्रत्येक वस्तूपुढं किंमत, डॉलरमध्ये.
दागिन्यांचं वर्णन, जमल्यास फोटो.

दागिने म्हटल्यावर नाना चष्मा पुसत आले.
चाळीस वर्षं सेलममध्ये गलाई.
लोकांचं सोनं मुशीत वितळवून
तेजाबानं नखं कायमची पिवळी.
माझ्या पासपोर्टवर जन्मस्थळ म्हणून तेच गाव आहे;
चौथीत इकडं आले तरी
घाईत मोजताना अजून
ओंड्रु, रेंडु, मूंड्रु.

मंगळसूत्र त्यांनी तळहातावर घेतलं.
"साडेअकरा. लिही."
मग बांगडी, खिडकीशी धरून:
"हिला टाका जास्त हाय. घट किती धरलीस?"
"त्यांच्या फॉर्मात घटीचा रकाना नाही, नाना."
"घट धरल्याबिगर किंमत काढत्यात?"
खरोखर नवल वाटलं त्यांना.
एवढा मोठा देश.

दुसऱ्या यादीत मी लिहिलं, सोऱ्या, पितळी, एक.
पुस्तकं, एक पेटी.
शिलाई मशीन लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
आज नोंदवलं तेवढंच उद्या जकातीशिवाय सुटणार.
राहिलं ते राहिलं.

आई पलीकडं ज्वारी निवडत होती.
"कसली गं यादी?"
"मागून येणाऱ्या सामानाची."
खडा अंगणात टाकून ती म्हणाली,
"मिरजेला गाडीत बसताना ह्यांनी पण सांगितलेलं, मागून ये.
यादी न्हवती केली.
चार वर्षं येत हुते मी, मागून."

नाना बांगडीकडंच बघत राहिले.
बांगडीत आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुपारी स्टँडजवळच्या कुरिअरच्या दुकानात
पोरानं लिफाफा काट्यावर ठेवला.
एकशे बेचाळीस ग्रॅम.
नाना वाकले, आकडा वाचला,
लिफाफा उचलून हातावर घेतला.
"दीडशेच्या आसपास भरंल. काटा कमी दावतोय तुझा."
"आजोबा, कमी दाखवला तर तुमचाच फायदा की."

नानांनी उत्तर दिलं नाही.
लिफाफा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला,
थोडा वेळ धरला,
मग पुन्हा उजव्या.
मागं रांग वाढत होती.
पोरगं चिकटपट्टीचं टोक नखानं शोधत होतं.