कॉलरखालचा डाग

एरी शहरात, गोठलेल्या सरोवराकाठच्या हॉटेलात
आम्ही पाच जण आणि एक्केचाळीस अर्ज.
कॅथलिक कॉलेजांत विद्यार्थ्यांचं सगळं बघणाऱ्या माणसांतून
यंदाचं एक माणूस निवडायचं.
सिस्टर ओडिल स्मृती पुरस्कार:
काचेची पणती, पाचशे डॉलर,
आणि एक जेवण, ज्यात कोंबडी दरवर्षी थंडच येते.

अर्जांची भाषा एकाच इस्त्रीखालून गेलेली.
'ध्येयाशी बांधिलकी', 'संपूर्ण माणूस घडवताना',
गळती अकरा टक्क्यांनी घटली,
समाधान निर्देशांक चार पूर्णांक सहा.
मीही असंच लिहिते. आता वेगळं लिहायला बसले
तर हात अडखळेल.

सत्ताविसावा अर्ज पेनाने लिहिलेला.
पिवळा कागद, त्याला फरशीच्या साबणाचा वास.
खाली सही: एल्मर कपुस्ता, सफाई, रात्रपाळी.

"थेरेसा व्होयनार. वसतिगृह तीन. बावीस वर्षं.
मुलांच्या भानगडी ती कुणालाच सांगत नाही,
म्हणून मला दिसलं तेवढंच लिहितो.
फेब्रुवारीत एका पोराचा बाप गेला.
पहाटे पाचची बस. पांढरा शर्ट होता त्याच्याकडे,
पण बोळा झालेला.
चार वाजता ती लाँड्रीत इस्त्री करत उभी.
मी लादी पुसत होतो.
म्हणाली, ओली ठेवू नकोस, घाईत घसरेल तो.
एवढंच.
जेवणाला तिला यावं लागेल ना?
त्या रात्री वसतिगृहाचा फोन मी उचलेन."

कुणीतरी पाण्याचा ग्लास उगाच सरकवला.
मग लेनोरने, अगदी हळू, नियमावर बोट ठेवलं:
नाव सुचवणारा संघटनेचा सभासद हवा.
पत्रं तीन हवीत.
तो नियम मीच टाईप केलेला,
तीन वर्षांपूर्वी,
एका डीनने स्वतःच्या मेहुणीचं नाव पुढे केलं तेव्हा.
तेव्हा मला तो फार शहाणा वाटला होता.

पुरस्कार बफेलोच्या एका माणसाला गेला.
त्याने उपाशी पोरांसाठी तळघरात शिध्याचं कपाट उघडलं,
आणि कपाटाला कुलूप नाही.
मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

वसईत आमच्या देवळाच्या भिंतीवर
देणगीदारांची नावं आहेत, रकमेसकट, संगमरवरात.
बाकं पुसता पुसता जोनिता मावशी
त्यांवरूनही फडकं फिरवायची.
वाचता येत नव्हतं तिला.
सगळी नावं सारखीच लख्ख.
हे मला त्या थंड कोंबडीसमोर का आठवलं,
सांगता येत नाही.

कपुस्तांना नकाराचं पत्र मी धाडलं.
'आपल्या सहभागाबद्दल आभारी आहोत', वगैरे.
उत्तराची अपेक्षा नव्हती. आलं.
तोच पिवळा कागद.

"काही हरकत नाही. तिला सांगितलं, की मी लिहिलं होतं.
आधी चिडली. मग म्हणाली,
कॉलर भाजली होती माझ्या हातून, ते लिहिलंस का?
मी म्हटलं, नाही.
तर म्हणाली, मग अर्धंच लिहिलंस.
डाग टायखाली लपला, म्हणून पोरगा बसमध्ये बसला,
नाहीतर तो जातच नव्हता.
तेवढं दुरुस्त करून घ्या, तिचा निरोप आहे.
इस्त्री तिची स्वतःची होती. हे माझ्याकडून."

बाहेर बर्फ काढणारी गाडी
रस्त्याचं एकच अंग साफ करून निघून गेली.
मी फाइल काढली. सत्ताविसावा अर्ज,
वर लाल शिक्का: अपात्र.
समासात पेन्सिलीने लिहिलं:
कॉलर भाजलेली. डाग टायखाली. इस्त्री घरची.
तारीख घातली, फाइल जागेवर ठेवली,
दिवा मालवला.

जिन्यात आल्यावर वाटलं,
शाईने लिहायला हवं होतं.