अंगावर काढलेला ताप

राउमाच्या गोदीमागे, नोव्हेंबरात,
हिल्का नुर्मेला पोलादाच्या पट्टीला
काळा रंग फासते. काजळासारखा, विनाचकाकीचा.
लखलखीत धातू खोटं बोलतो, म्हणते,
खोलीतली ऊब स्वतःची म्हणून सांगतो.
काळा केला की आपल्यापुरतं बोलतो.

मग यंत्राचे जबडे.
सेकंदाला दहा हिसके. ओढ, सोड, ओढ, सोड.
बोटीच्या कण्याला समुद्र वर्षानुवर्षं जे करतो
ते इथे एका दिवसरात्रीत उरकायचं.

पट्टीवरचा जोड ताइस्तो रुओहोलाचा.
एकेचाळीस वर्षं वेल्डर, जूनमध्ये सुटला.
आज आलाय थर्मास आणि वेलदोड्याचे पाव घेऊन,
आपलं काम किती जगतं ते बघायला, म्हणतो,
आणि एकटाच हसतो.

दहा वाजून वीस मिनिटं. सुरू.
पडद्यावर सांधा निळा, मग जांभळा,
मग जोडाच्या काठाशी,
जिथे तो मूळ पोलादाला टेकतो,
एक नारिंगी ठिपका. मोहरीएवढा.

भेग नाही. भिंगाखाली धरा, नाही दिसणार.
नुसती कसकस.
दीड अंश चढली आणि थांबली,
आलेख आडवा झाला,
दुखणं अंगावर काढत
कुणी रोज वेळेवर कामाला जावं
तसा आडवा, तसा शहाणा.

हिल्का मागे जाऊन बघते
ती पहिली चढण किती उभी होती.
गणित करते. खोडते. पुन्हा करते.
"सहा लाख चाळीस हजार हिसके."
"अर्ध्या तासात कळलं?"
"तापावरून."

ताइस्तो ठिपक्याकडे बघत राहतो. पाव हातातच.
"तिथे कांडी बदलली होती मी.
जुनी संपली, नवी लावेपर्यंत एक श्वास गेला.
वरून घासून सारखं केलं,
तपासनिसाने शिक्का मारला, मीही विसरलो."
"हे नाही विसरलं," हिल्का म्हणते,
आणि तिला वाटतं, नको होतं म्हणायला.

नेमकी जागा दाखवायला तो हात पुढे करतो,
हात कॅमेऱ्यासमोर येतो.
तळवा पिवळा, अंगठा पिवळा.
तीन बोटं दुसऱ्या पेरापासून काळी.
नाहीतच, अशी.

"ग्राइंडर," तो हात मागे घेत म्हणतो.
"थंडीत पांढरी पडतात. बटण लागत नाही.
याचा आकडा निघतो का तुझ्याकडे?"
"माझं यंत्र तापणाऱ्यांचं सांगतं.
निवत जाणाऱ्यांचं
मला नाही येत."
तो कॉफी ओततो. दोघांसाठी. थोडी सांडते.

पट्टी रात्री तीन अठराला तुटली.
तेव्हा तिथे कुणी नव्हतं,
फक्त एक पंखा, आणि मोजणारा काटा
सहा लाख अकरा हजारांवर थांबलेला.
अठ्ठेचाळीस मिनिटं आधी.
एवढी चूक चालते, वहीत तसं लिहितात.

सकाळी ती तुटका चेहरा उजेडाकडे धरते.
ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा रेषा,
सगळ्या एका बिंदूपासून निघालेल्या.
कांडी बदलली ती जागा.

ती फोन लावते. बराच वेळ वाजतो.
आकडा तिच्या जिभेवर आहे,
पण तोंडून निघतं:
"दाखवलीत का?"
"काय?"
"बोटं."

पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज.
एकदा. मग पुन्हा, नीट.