दोन बोटं मायक्रोपोर

ऐरोलीतलं आमचं हॉस्पिटल. तिसरा मजला, ओटी नंबर दोन.
शेवटची केस निघाली की
निळी बत्ती चाकांवर ढकलत आत न्यायची,
अर्धा तास लावायची, दार ओढून घ्यायचं.
दार उघडलं की ती आपोआप विझते,
बसवायला आलेल्या पोराने दोनदा उघडझाप करून दाखवलं होतं.

पण दार ढिलं.
एसीच्या झोतानेसुद्धा हलायचं,
बत्ती मध्येच विझायची, अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून,
आणि सकाळी सातला हर्नियाचा पेशंट उपाशीपोटी तयार.
म्हणून सेन्सरवर पट्टी.
दोन बोटं मायक्रोपोर.

दमयंतीबाई भोईर, हाउसकीपिंग, गोठिवलीच्या.
विसरलेली बादली आणायला आत गेल्या.
फडकं भिजत होतं, ते पिळलं.
टेबलाखाली एक डाग दिसला, तोही पुसला.
किती वेळ? "झाली असतील धा मिन्टां."
निळा उजेड त्यांना थंड वाटला.
वास आला, झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा.

दुखलं काहीच नाही. तेच तर.

रात्री दोनला फोन.
"सिस्टर, डोल्यान मीठ परलंय गो."
मीठच म्हणाल्या, वाळू नाही.
वडील मिठागरात होते त्यांचे.
दुपारच्या पांढऱ्या ढिगांपुढे डोळे बारीक करून करून
म्हातारपणी सावलीतही तसेच बघायचे.
"बापाला ऊन तरी कलाचं," म्हणाल्या,
"ह्यो उजेड कललाच नाय."

अपघातांच्या वहीत रकाने:
सुई टोचणे, घसरून पडणे, शॉक, इतर.
इतर समोर अडीच इंच जागा.
बत्तीची वही वेगळी, ती मात्र चोख,
किती तास जळली, नळी कधी बदलायची, तारीख, सही.
बाईंची दहा मिनिटं हातात घेऊन
मी दोन्ही वह्यांमध्ये बसून राहिले.

चौथ्या दिवशी त्या कामावर आल्या.
मान सोललेली, मनगटं सोललेली,
डोळ्यांवर मुलाचा काळा गॉगल.
सुपरवायझर म्हणाला, "काय मॅडम, शूटिंग कुठे?"
त्याही हसल्या. कंत्राटी आहेत.

मग नोटीस लागली,
कर्मचाऱ्यांनी डोळ्यांत तेल घालून काम करावे.
खाली सहा सह्या. चौथी माझी.

आज नऊला ओटी रिकामी झाली.
बत्ती लावायच्या आधी
नखाने पट्टीचं टोक उचकटत बसले.
निघेना. कडा काळ्या पडल्यात, गोंद मुरलाय.
मीच लावली होती ना,
नस सापडल्यावर सलाईनला लावते तशी,
नीट, चारी बाजूंनी अंगठ्याने दाबून.