कृत्रिम

सीपीआरच्या खिडकीतून कागद आला:
'कृत्रिम पाय, डावा, गुडघ्याखाली, नग एक.'
नगाचं काही वाटलं नाही.
एकोणीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली,
नगच मोजले.
टोचला तो पहिला शब्द.

आमच्यात तो चालतो टंचाईला,
धरण भरलेलं असताना पडते तिला.
गणपतीत महापालिका मांडते त्या कुंडाला,
आणि शोकेसवरच्या फुलांना, जी आमची ही
दर दिवाळीला सर्फच्या पाण्यात बुडवून काढते.
मेव्हण्याच्या हसण्यालाही, तो गेल्यावर.

प्रणोतीला दहावीला संस्कृत आहे.
म्हणाली, बाबा, यात खोटं कुठं आलं?
कृ म्हणजे करणं. केल्यानं झालं, ते कृत्रिम.
म्हटलं, मग भाकरी?
'कृत्रिम.'
पंचगंगेचा घाट?
'तोही.'
तिची आई आतून ओरडली,
बोलत बसू नकोस, ती कृत्रिम उलट आधी,
करपायला लागलीय.

चप्पल लाइनीत रावबा सातपुत्यांनी
पाय मांडीवर घेतला. तोच, डावा.
अंगठ्याला टिचकी मारली.
'ह्यो काय पट्टा धरायचा न्हाई.'
सगळे विचारतात, कसा गेला.
त्यांनी विचारलं, 'केलाय कुणी?'
मला माहीत नव्हतं.
चष्मा कपाळावर सारून घोट्यावरनं बोट फिरवलं,
एकदा, मग उलटं.
'हितं कानस लई हलकी मारलीय.
हात चांगलाय त्येचा.'

मागून एक वादी घालायची ठरली.
एकीला नको, दोन्हींना घालूया म्हणाले,
जोड जोडासारखी दिसाय पायजे.
'आणि आवाजाची करू?'
पूर्वी मी आवाजाचीच घालायचो.
नको म्हणणार होतो, लोक वळून बघतात.
म्हटलं, करा.

बिंदू चौकापर्यंत चालत आलो.
उजवी जुन्या सवयीनं करकरत होती.
डावी जरा उशिरा, पण मोठ्यानं,
कर, कर.

चौकात थांबलो, खिशातला कागद उलगडला.
शिक्का होता, तारीख होती,
माझं नाव, वय, वजनसुद्धा.
पाठीमागं बघितलं.
करणाऱ्याचं कुठंच नव्हतं.