तेरा डिसेंबर, लिवाच्या वाटेवर

रुवैसमध्ये रात्र होत नाही.
रिफायनरीच्या फ्लेअरची जीभ चोवीस तास वळवळते
आणि आमच्या बेडरूमची भिंत
पडदे ओढले तरी शेंदरी.
नवऱ्याला ते दिसेनासं झालंय.
तो त्या जाळाच्याच पायथ्याशी बसतो, कंट्रोल रूममध्ये,
आजही.
म्हणाला, तू जा. आल्यावर सांग.

मग शिनोजची पजेरो, मागच्या सीटवर दुर्बीण,
तिला पट्टा लावलेला, पोराला लावावा तसा.
गोंधळेकर, निवृत्तीला सात महिने उरलेले,
थर्मासमध्ये आल्याचा चहा
आणि खिशात तीन ठिकाणचे हवामानाचे अंदाज,
एकाचं दुसऱ्याशी न पटणारे.
हुदा, इस्पितळाच्या लॅबमधली:
माझं रक्त काढता काढता तिनेच विचारलं होतं,
उल्का पाहिल्यायत कधी?

घयाथीनंतर दिवे संपले.
दहा वाजता आभाळ असं लख्ख
की गोंधळेकर बोलायचे थांबले.
उंटांच्या गोठ्याचा राखणदार नूर बक्श
चारा टाकून आमच्या चटईच्या कडेला टेकला.
मी वर बोट केलं: रोहिणी.
हुदा म्हणाली, आमच्यात अद्-दबरान.
म्हणजे?
मागून येणारा. कृत्तिकांच्या मागे मागे चालतो, रोज.

माझ्या रहिवासी कार्डावर
व्यवसाय या रकान्यात बारा वर्षं लिहिलंय ‘गृहिणी’.
रोहिणीशी यमक जुळतं,
एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

पुनर्वसूची जोडी माथ्यावर यायची एकच्या सुमाराला.
साडेबाराला धुकं आलं.
आधी मृगाचे पाय गेले, मग बाण,
मग शिनोजची गाडी, मग शिनोज.
त्याचा हेअर ड्रायर तेवढा ऐकू येत राहिला,
भिंगावरचं दव वाळवत,
भिंगाला दिसण्यासारखं काहीच नसताना.
हुदाने आर्द्रता सांगितली, साखर वाढल्याचं सांगावं
तशा आवाजात.
गोंधळेकर म्हणाले, अर्धा तास थांबू.
अर्ध्या तासाने तेच म्हणाले.
वाळू ओली लागत होती, चहा संपला होता,
आणि वर आता नुसतं धुतलेलं धोतर.

नूर बक्श उठला. म्हणाला,
धुंद बैठी रहती है, चढती नहीं.
आप चढो.

टेकाड हातापायांवर चढलो.
दोन पावलं वर, दीड खाली.
गोंधळेकरांची बायपास झालेली, ते राहिले चटईवर,
लाल टॉर्च आणि वही घेऊन.

वर आले आणि डोकं धुक्यातून बाहेर निघालं,
विहिरीतून निघावं तसं.
खाली सगळं दूध. मधे मधे टेकाडांच्या पाठी.
उत्तरेला, फार लांब, दुधात केशराचा एक डाग:
तो आमचा फ्लेअर.
तिथे तो बसलाय, असं मनात येतंय तोवर
रेघ.
होती? होती ना?
आई म्हणायची, तारा तुटताना दिसला तर
कुणाला सांगायचं नाही, गिळून टाकायचं.
मी ओरडले.
खालून, कुठूनसा, गोंधळेकरांचा आवाज:
किती वाजता? कुठून कुठे?
हुदा ओरडली, शिनोज मल्याळममध्ये ओरडला,
एक हिरवट होती, एक धूर सोडत गेली,
एक इतकी सावकाश की नूर बक्शची दुआ
पुरी मागून झाली.
खाली ते लिहीत होते. सव्वीस.
स्वतः एकही न पाहता
वेळ, दिशा, तेज, प्रत्येकीसमोर.

परत येताना वही त्यांनी मांडीवर उघडी ठेवली,
पानं दमट झालेली म्हणून.

सकाळी तो आला, बुटांना गंधकाचा वास.
दिसलं?
मी पहिल्यापासून सांगायला बसले.
सातवीला त्याचा डोळा लागला.
भिंत होती तशीच होती.
आठवी मी हळू आवाजात सांगितली.